वजन वाढतं ते फक्त ताटातून? आईच्या पोटात पोचणाऱ्या रसायनांचं काय?

शेवंती_ठाणे

माझ्या धाकट्या बहिणीचं वजन ८४ किलो आहे. रोज पहाटे साडेपाचला उठून ती तलावपाळीला फेऱ्या मारते. भात दिवसातून एकदाच, गोड सणासुदीला. गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला गेली तर तपासणाऱ्याने मान वर न करता सुनावलं, "खोटं सांगू नका, खाल्ल्याशिवाय वाढत नाही." घरी येऊन ती जेवलीच नाही. त्या रात्रीपासून मी मिळेल ते वाचतेय.

२००६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ब्रूस ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्रून यांनी एक शब्द घडवला, ओबेसोजेन. म्हणजे शरीराला चरबी साठवायला लावणारं रसायन. ट्रायब्युटिल टिन, थोडक्यात टीबीटी, हे जहाजांच्या रंगात घालायचं रसायन त्यांनी गाभण उंदरिणींना अगदी थोडं दिलं. पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठली आणि मोठेपणीही ती राहिली. पुढे २०१३ मध्ये त्यांच्याच गटाला हा परिणाम पणतवंडांपर्यंत दिसला, आणि त्या पणतवंडांच्या अंगाला टीबीटी कधी लागलंच नव्हतं.

हे घडतं कसं, ते समजल्यावर मी हादरले. आपल्या पेशींत पीपीएआर गॅमा नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर) असतो, म्हणजे रसायनाने चालू होणारं एक बटणच. तो चालू झाला की कच्ची पेशी चरबीच्या पेशीत बदलते. टीबीटी तोच चालू करतं. मधुमेहावरची पायोग्लिटाझोन ही गोळीही तिथेच काम करते, आणि तिने वजन वाढतं हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. गोळीमुळे वाढलं तर आपण रुग्णाला दोष देत नाही. मग तेच कुलूप रंगातल्या, कीटकनाशकातल्या रसायनाने उघडलं, तर दोष माणसाच्या जिभेला का?

हिशोबी_सातारा

ताई, बहिणीला जे ऐकावं लागलं ते चूकच होतं, त्यावर वाद नाही. पण त्या रागातून तुम्ही जिथे पोचलात तिथे मी येऊ शकत नाही.

२०१९ साली अमेरिकेत केविन हॉल या संशोधकांनी २० जणांना आपल्या संशोधन संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं ताटातलं प्रमाण दोन्हीकडे सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या खाण्यावर लोक दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते आणि १४ दिवसांत जवळपास एक किलो वाढले. वर्षानुवर्षांची वाट बघावी लागली नाही, पणतवंडांपर्यंत जावं लागलं नाही.

आता आपल्याकडे बघा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद म्हणते की माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे. आपण १९-२० किलोच्या घरात गेलो आहोत. माझं किराणा दुकान आहे, १५ लिटरचे डबे कोणाच्या घरी किती दिवसांत संपतात ते मी बघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जादा वजनाच्या बायका २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होत्या, पुढच्या पाहणीत २४ टक्के. एवढी वाढ समजायला मला जहाजाचा रंग लागत नाही.

आणि ओबेसोजेन म्हणून ज्याचं नाव घेतात त्या बीपीएवरचे, म्हणजे कडक प्लास्टिकातल्या रसायनावरचे, कित्येक अभ्यास एकदाच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावर आहेत. बीपीए दिवसभरात शरीराबाहेर जातं. म्हणजे तो नमुना सांगतो काल डब्यात काय खाल्लं. पाकीटबंद जास्त खाणाऱ्याच्या अंगात प्लास्टिकही जास्त आणि वजनही जास्त, यातून कारण कुठलं नि सोबत कुठलं हे कसं ठरवणार?

नाखवा_माझगाव

टीबीटी वाचून थांबलो. वडील गोदीत रंगारी होते. बोट सुक्या गोदीत चढली की तळाला चिकटलेले शिंपले नि शेवाळ खरवडायचं, मग लाल रंग मारायचा. तो रंग लावला की वर्षानुवर्षं काही चिकटत नसे. हातमोजे कुणी दिले नाहीत. संध्याकाळी त्याच हाताने भाकरी.

हे विष काय करतं ते समुद्राने आधीच दाखवलं होतं. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती बुडाली, शिंपल्या वाकड्यातिकड्या वाढायला लागल्या. १९८२ मध्ये त्यांनी लहान बोटींवर हा रंग बंद केला. गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटत होते. सगळ्या जगात बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. हिशोबी दादा, तेल कमी करा हे बरोबरच आहे. पण तेलाचा डबा माणूस स्वतः उचलतो, हा रंग आमच्या घरात कुणी विचारून आणला नव्हता.

भूल_पुणे

मी डॉक्टर आहे, गरोदर बायकांबरोबर काम करते. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे.

गर्भातच चरबीचा पाया पडतो, हे सांगायला आपल्याला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात जवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत, पोटात, सगळीकडे बारीक होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास शाबूत. दिसायला रोड, आतून चरबीची. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

त्या आया शेतात राबणाऱ्या, पोटाला कमी खाणाऱ्या होत्या. त्यांच्यात बी-१२ ची कमतरता मोठी होती आणि तिचा मुलांच्या अंगात इन्सुलिन नीट काम न करण्याशी संबंध दिसला. म्हणजे कारण सापडलंय, उपायही स्वस्त आहे. अशा वेळी नवं, महागडं, मोजायला अवघड कारण पुढे आणलं की लक्ष तिकडे जातं.

रसायनांपैकी एकाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही, ते म्हणजे तंबाखू. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या आईचं बाळ लहान जन्मतं आणि पुढे लठ्ठ होण्याकडे झुकतं, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आपल्या बायका सिगरेट ओढत नाहीत, मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजेही तंबाखूच. मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत विचारते.

शेवंती_ठाणे

डॉक्टर, तंबाखूचं तुम्ही मान्य केलंत तिथेच माझा मुद्दा उभा राहतो. बाहेरचं रसायन आईमार्फत बाळाच्या चरबीचं गणित बदलू शकतं. मग हे फक्त तंबाखूपुरतं कसं राहील?

कॅलिफोर्नियात ओकलंडला १९५९ ते १९६७ मध्ये गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. २०२१ मध्ये बार्बरा कोन यांच्या गटाने त्यांच्या नातींपर्यंत माग काढला. ज्या आजीचं वजन बेताचं होतं पण रक्तात डीडीटी या कीटकनाशकाचा एक प्रकार जास्त होता, तिच्या नातीत लठ्ठपणाची शक्यता दोन ते तीन पट. आपल्याकडे शेतीत डीडीटी १९८९ पर्यंत चाललं, मलेरियासाठी भिंतींवर फवारणी त्यानंतरही. आपल्या रायगडात रसायनीला ते बनत होतं. माझी आई लहानपणी फवारणीवाले आले की सगळी भांडी अंगणात काढायची, हे तिनेच सांगितलंय.

हिशोबी दादा, नमुन्याबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे, बीपीएपुरता. म्हणून पीएफएएसचं बघा. तेलकट न होणारे कागद, पावसाळी कपडे, नॉनस्टिकचे कारखाने यांतली ही रसायनं शरीरात वर्षानुवर्षं टिकतात. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ६२१ जणांच्या वजन घटवण्याच्या प्रयोगातलं सुरुवातीचं रक्त तपासलं. पहिल्या सहा महिन्यांत सगळे सरासरी ६.४ किलो उतरले, त्या उतरण्याशी रसायनांचा संबंध दिसला नाही. पण नंतर ज्या बायकांच्या रक्तात ती सगळ्यात जास्त होती, त्यांचं वजन सगळ्यात कमी असलेल्या बायकांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त परत चढलं. बसल्या जागी शरीर जाळतं ते उष्मांकही त्यांच्यात कमी झाले होते. माझी बहीण तीनदा दहा किलो उतरली आहे. तिन्ही वेळा परत चढलं.

दोन_महिने_उरले_नाशिक

मला सातवा सुरू आहे. हे सगळं वाचून मी रात्री उठून स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून टाकले आणि मग तिथेच बसून रडले. शेवंतीताई, तुम्ही बहिणीवरचा दोष उतरवलात, पण तो माझ्या डोक्यावर आला. उद्या माझं मूल जाड झालं की सासरचे म्हणतील, हिने गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. मी भाड्याच्या घरात राहते. टाकी प्लास्टिकची, नळ पीव्हीसीचे, समोर द्राक्षबाग, फवारणीचा ट्रॅक्टर महिन्यातून कितीदा येतो माझी मोजदाद नाही. यातलं मी काय बदलू?

भूल_पुणे

बाळा, डबे परत आत ठेव. गरम अन्न आणि चहा तेवढा स्टीलच्या भांड्यात घे. फवारणी चालू असताना खिडक्या लाव, कपडे आत घे, फळं धू. बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घे. एवढं पुरे. रडण्यासारखं काही तू केलेलं नाहीस.

शेवंती_ठाणे

माफ कर गं. तुझ्यासारखीला घाबरवायचं माझ्या मनात नव्हतं, पण ते झालं खरं.

हे ओझं आईचं नाहीच. २०१५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने पॉलिकार्बोनेट या बीपीए असलेल्या प्लास्टिकच्या दूधबाटल्या बंद केल्या, तेव्हा एकाही आईला रसायनशास्त्र शिकावं लागलं नाही. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोज चालेल अशी मर्यादा २०,००० पटीने खाली आणली. 'बीपीए फ्री' लिहिलेल्या डब्यात त्याचंच भावंड बीपीएस असू शकतं, ते दुकानात उभ्या बाईला कसं कळणार?

हिशोबी_सातारा

डबा बनवणाऱ्यावर नियम हवा, हे मलाही पटतं. दुकानात येणारा माल मीही तपासू शकत नाही. पण वजनासाठी सरकारने पहिला रुपया कुठे घालावा असं विचारलंत, तर मी शाळेच्या फाटकासमोरच्या वेफर्सच्या माळांवरच बोट ठेवीन. युरोपची मर्यादाही मुख्यतः प्रतिकारशक्तीवरच्या परिणामामुळे खाली आली, वजनामुळे नाही. तेही लिहायला हवं होतं.

शेवंती_ठाणे

बरोबर. ते मी लिहायला हवं होतं.

नाखवा_माझगाव

ओकलंडच्या बायकांचं रक्त साठ वर्षं जपून ठेवलं म्हणून नातींचं कळलं. आमच्या गोदीत रंगाऱ्यांची हजेरी रोज घेतली जायची, रक्त एकदाही घेतलं नाही. वडील आता नाहीत. त्यांच्याबरोबरचे तिघे आमच्याच वाडीत आहेत, त्यांची नातवंडंही. आजही कुणी सुई घेऊन आलं तर ते हात पुढे करतील.