जोसेफ स्मिथनं तो छापखाना फोडला नसता तर?

वाटसरू: मॉर्मन लोक, म्हणजे जोसेफ स्मिथनं स्थापलेल्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी, आज अमेरिकेत जेमतेम दोन टक्के आहेत ते एका छापखान्यामुळे, असं माझं मत होत चाललंय. १८४४ मध्ये इलिनॉयमधलं त्यांचं नॉवू शहर बारा हजारांच्या आसपास पोचलं होतं, म्हणजे तेव्हाच्या शिकागोच्या तोडीचं, इंग्लंडहून जहाजांनी हजारो नवे लोक येत होते, जोसेफ स्मिथ स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता आणि सरकारी जमिनी विकून त्या पैशातून गुलाम सोडवा असं उघड म्हणत होता. ७ जूनला पंथातून फुटलेल्या लोकांनी 'नॉवू एक्स्पॉझिटर' ह्या वर्तमानपत्राचा पहिला अंक काढला, त्यात अनेक बायका करण्याची चोरून चाललेली प्रथा बाहेर काढली. स्मिथनं तीन दिवसांत त्यांचा छापखाना मोडायला लावला आणि २७ जूनला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याला मारलं. वय फक्त ३८. तो एक अंक सोडून दिला असता तर मॉर्मन आज मेथडिस्ट ह्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाएवढे झाले असते.

कृष्णाकाठ: अजिबात पटलं नाही. छापखाना हे निमित्त. नॉवूच्या आधी हे मिझुरी राज्यात होते, तिथे काय फोडलं होतं ह्यांनी? उलट १८३३ मध्ये तिथल्या इंडिपेंडन्स गावात ह्यांचाच छापखाना जमावानं फोडला. १८३८ मध्ये तर गव्हर्नर बॉग्जनं लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, आणि तीनच दिवसांत हॉन्स मिल ह्या मॉर्मन वस्तीत १७ जण मारले गेले. हे सगळे एका ठिकाणी येऊन राहायचे, जमिनी घ्यायचे, एकगठ्ठा मत द्यायचे, त्यामुळे आजूबाजूचे धास्तावले. मेथडिस्टांचा पाद्री घोड्यावरून वस्ती-वस्तीला जायचा, घरदार सोडून चल म्हणायचा नाही.

आणि तुम्हाला हवा तसा मॉर्मन धर्म झालाय की! जोसेफचा मुलगा १८६० मध्ये वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला, बहुपत्नीत्व नाही, बाकीच्यांसारखं पश्चिमेला युटात जाणं नाही. ती आज अडीच लाखांच्या आसपास, आणि युटाचं चर्च जगभरात १ कोटी ७० लाखांच्या वर. २०२४ मध्ये त्या शाखेनं ओहायोतलं कर्टलंडचं जुनं मॉर्मन मंदिर आणि नॉवूतल्या जुन्या वास्तू युटावाल्यांनाच विकल्या.

वाटसरू: एकत्र राहण्याचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पण ती शाखा हा पुरावा कसा? संस्थापकाचा खून झालाय, बहुतेक माणसं स्मिथनंतरचा पुढारी ब्रिगम यंग ह्याच्याबरोबर पश्चिमेला निघून गेलीत, मागे उरलेल्यांनी सोळा वर्षांनी परत घडी बसवली. जिवंत स्मिथ आणि भरलेलं नॉवू ही वेगळीच गोष्ट आहे.

सॉल्टलेककर: मी इथे युटात राहतो म्हणून लिहितोय. इथे २४ जुलैला सुट्टी असते, १८४७ मध्ये त्या दिवशी ब्रिगम यंग ह्या खोऱ्यात पोचला म्हणून. त्या लोकांनी डोंगरातून ओढे वळवून पाट काढले आणि ओसाड जमीन पिकवली, आणि बरीच वर्षं तरी त्यांना उठवून लावेल असा शेजारी नव्हता, ही सवड नॉवूत कधीच मिळाली नसती. बायकांचं प्रकरण मात्र इथेही भोवलंच. १८८७ च्या कायद्यानं सरकारनं चर्चची मालमत्ताच ताब्यात घ्यायला काढली तेव्हा कुठे १८९० मध्ये चर्चनं अशी नवी बहुपत्नी लग्नं थांबवली आणि युटाला १८९६ ला राज्याचा दर्जा मिळाला.

कृष्णाकाठ: हेच तर. वाटसरू, ज्या माणसानं ती प्रथा देवाची आज्ञा म्हणून सुरू केली तो जगला असता तर त्यानं ती सोडली असती असं तुम्हाला खरंच वाटतं? दुसरा अंक आला असता, तिसरा आला असता, किती सोडून दिले असते त्यानं?