मदत हवी आहे: घाण्याचं तेल तळणाला फेसाळतं

रिफाइंड सूर्यफूल सोडून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू केलंय. फोडणीला सुरेख, पण चकली तळताना कढईभर फेस येतो, धूरही लवकर सुटतो. रिफाइन न केलेलं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांना धुरावतं, तळणाला १७०-१८० लागतात, हे माहीत आहे.

तेल चार दिवस निवळू दिलं, वरचं मलमलीतून गाळलं, आच मध्यम ठेवली. फेस कमी झाला, गेला नाही. तेल ताजं, कढई कोरडी. पामतेल नको. पुण्यात घाणे पुष्कळ आहेत, दुकानाचं नाव नकोय.

फेस ओलाव्याचा की तेलातल्या चिकट अंशाचा, हे घरी कसं ओळखायचं? आणि तळणापुरतं फिल्टर्ड शेंगदाणा तेल चालेल, की रिफाइंडच लागेल?