जखमांचे रंगीत फोटो सगळ्यांनी पाहावेत का?

वाटसरू (धागाकर्ता)
दुसऱ्या महायुद्धात पर्सी हेनेल हा इंग्रज फोटोग्राफर प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डांत कॅमेरा घेऊन जायचा. नोकरी मेटल बॉक्समध्ये, म्हणजे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कंपनीत. डब्यावरचा रंग हुबेहूब छापायचं तंत्र त्याने जखमांसाठी वापरलं. तांबड्या, हिरव्या, निळ्या फिल्टरमागे तीन प्लेटा, आणि त्या जुळवून रंगीत चित्र. प्लास्टिक सर्जन हॅरोल्ड गिलीजचे पेशंटही त्यात आहेत. काल मोबाईलवर एक फोटो समोर आला. जबडा उडालेला जवान, थेट माझ्याकडे बघतोय. मी जेवत होतो. माझं मत : हे फोटो डॉक्टरांपुरतेच राहावेत.

टाकेवाला
असहमत. मी प्लास्टिक सर्जरीच शिकतोय. पोटाची किंवा छातीची कातडी उचलून, नळीसारखी शिवून, टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत न्यायची, हे गिलीजने पहिल्या महायुद्धात रूढ केलं. ती कातडी जगतेय की मरतेय हे रंगावरून कळतं. पांढुरकी पडली तर रक्त पोचत नाही, जांभळट झाली तर परत फिरत नाही. कृष्णधवल फोटोत हे कसं ओळखणार? रंग हौसेखातर नव्हता.

वाटसरू
अहो, फोटो काढण्याला माझा विरोध कुठे आहे? प्रश्न मी बघण्याचा आहे. पहिल्या महायुद्धात गिलीजच्या पेशंटांची पेस्टल चित्रं काढणारे हेन्री टाँक्स स्वतः सर्जन होते. ही चित्रं लोकांपुढे मांडू नयेत असं त्यांचंच मत होतं.

पेठेतली
मग आपल्या कावसजीचं काय करायचं? इंग्रजांच्या फौजेतला मराठी गाडीवान. टिपूच्या लोकांनी पकडून नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. त्याचं चित्र १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये छापलं. ते वाचूनच कार्प्यू या इंग्रज सर्जनने पुढे १८१४ मध्ये तिथे तसं ऑपरेशन केलं. हे चित्र आपण दर दोन महिन्यांनी ‘गर्व आहे’ म्हणून फॉरवर्ड करतो. कावसजीला कुणी विचारलं होतं? (आणि नाक बसवणाऱ्याची फक्त जात नोंदवली, नाव नाही. तो वेगळा धागा.)

वाटसरू
मुद्दा बिनतोड. पण ते चित्र ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी काढलेलं आहे. माणूस बरा होऊन ऐटीत बसलाय. हेनेलचा जवान अर्धवट शिवलेला आहे, आणि वरिष्ठांच्या हुकुमाखाली. त्याच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची?

सांजवेळ
माझी आत्या स्टोव्हच्या भडक्यात भाजली. पुढची वीस वर्षं ती लग्नात मागच्या रांगेत बसली, कारण लोक एकदा बघायचे आणि झटकन मान वळवायचे. ते मान वळवणं तिला जास्त लागायचं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सिडकपला, गिलीजच्या इस्पितळाजवळ काही बाकं निळी रंगवली होती. तिथे असे जवान बसतात, हे गावकऱ्यांना आधीच कळावं म्हणून! दुसऱ्या युद्धात तिथल्याच ईस्ट ग्रिन्स्टेड गावी आर्चिबाल्ड मॅकिंडो या प्लास्टिक सर्जनने उलट केलं. भाजलेल्या वैमानिकांना सरळ गावातल्या पबमध्ये पाठवलं. गावाने बघून बघून डोळ्यांना सवय लावली. लपवून कुणाचं भलं झालंय?

वाटसरू
आत्यांबद्दल वाचून गप्प झालो. तरीही, ताई, पबमधला वैमानिक उलट बघू शकत होता, बिअर मागू शकत होता, ‘काय बघतोस’ विचारू शकत होता. फोटोतल्याला मी नुसता अंगठ्याने वर सरकवला.

पेठेतली
तडजोड : नाव काढा, डोळ्यांवर काळी पट्टी लावा.

टाकेवाला
मॅकिंडोच्या वैमानिकांच्या पापण्या जळलेल्या असायच्या. आधी पापण्याच नव्या कराव्या लागत. पट्टी लावल्यावर आम्ही बघायचं काय?

सांजवेळ
आणि आत्याला कुणी सांगितलं असतं ना, की तुझा फोटो पट्टी लावून दाखवू, तर तिने तो फाडला असता. पट्टीशिवाय कदाचित दिला असता.