मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्रीच्या मूत्राशयाची सोनोग्राफी

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, १२ वर्षांची, गावठीच. तीन आठवडे थेंब थेंब लघवी करते, त्यात रक्त. अँटिबायोटिकने चार दिवस बरं, पुन्हा तेच.

परवा सोनोग्राफी केली, पण बाईसाहेबांनी दवाखान्याच्या गेटापाशीच मोकळं होऊन घेतलं! मूत्राशय रिकामं असलं की भिंत उगाच जाड दिसते, मग रिपोर्टमधल्या ‘भिंत ५ मिमी’वर कितपत विसंबायचं? शिवाय मूत्राशयाच्या मानेजवळ उंचवटा दिसतोय. खडा असता तर त्याच्यामागे काळी सावली पडली असती, कूस बदलल्यावर तो घरंगळला असता. हा जागचा हलत नाही. पॉलिप (कॅन्सर नसलेली साधी वाढ) की कॅन्सरची गाठ, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही म्हणे. आणि गाठीची शंका असताना नमुना घेण्यासाठी पोटातून सुई घालायला डॉक्टर तयार नाहीत, कारण पेशी सुईच्या वाटेने पसरू शकतात. मला ते पटलं.

कुणी कुत्र्याच्या लघवीवरून ‘ब्राफ’ तपासणी (लघवीतल्या पेशींमध्ये या कॅन्सरशी निगडित जनुकातला बदल शोधणारी) करून घेतली आहे का? नमुना कुठे पाठवला? आणि पुन्हा सोनोग्राफीला भरल्या मूत्राशयाने न्यायचं तर हिला तासभर तरी थोपवायचं कसं? सध्या दर दहा मिनिटांनी दाराशी उभी असते.