श्रावणबाळचे पैसे चार महिने आलेच नाहीत, आत्यासाठी काय करू?

कोयनाकाठ:
माझी आत्या ७३ वर्षांची, पाटण तालुक्यातल्या एका गावात एकटीच राहते. मूलबाळ नाही, आतोबा जाऊन अकरा वर्षं झाली. श्रावणबाळ या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी पेन्शनचे महिन्याला १५०० मिळायचे. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या, अर्धा लिटर दूध आणि लाइटबिल भागायचं. चार महिने एक रुपया आलेला नाही. बँकेत गेली की पासबुक छापून देतात आणि तहसीलला विचारा म्हणतात. तहसीलला गेली की म्हणतात, इथून पैसे सुटलेत, बँकेत बघा. एसटीला अर्धं तिकीट आहे, पण सव्वा तास जायला आणि सव्वा तास यायला तिचे गुडघे साथ देत नाहीत. गावातला एक जण पाचशे मागतोय, चालू करून देतो म्हणे.

मी पुण्यात नोकरीला. एक दिवसाची रजा मिळेल. त्या दिवसात नेमकं काय करू? परवा फोनवर तिनं विचारलं, "माझं नाव कापलं का गं? मी मेले असं लिहिलंय का त्यांनी?" तेव्हापासून झोप नाही.

जुना अव्वल कारकून:
ताई, तहसीलला हे पेन्शन बघणाऱ्या संजय गांधी शाखेच्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली. त्या माणसाला पाचशे मुळीच देऊ नका.

हे पैसे आता डीबीटीनं (सरकारकडून थेट बँक खात्यात) जातात. म्हणजे पासबुकावरचा खाते नंबर पाहून नाही, आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पाहून. डीबीटीसाठी आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं, आणि सगळ्यात शेवटी जिथे जोडलं तीच बँक धरली जाते. आत्याबाईंनी मधल्या काळात दुसरं खातं काढलंय का? बचत गटासाठी, नाहीतर एखाद्या मेळाव्यात? म्हाताऱ्या माणसांकडून तिथे अंगठा घेतात आणि जुन्या खात्याचे पैसे नव्याकडे वळतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी अशी कितीतरी माणसं जिन्यावर बसलेली पाहिलीत.

रजा टाकण्याआधी घरूनच बघा. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' आहे, तिथे बँकेचं नाव दिसतं. ओटीपी आत्याबाईंच्या मोबाइलवर येईल, तो फक्त तुम्हालाच सांगा म्हणावं. बँक जुनीच निघाली, तर मात्र तहसीलला जा आणि हयातीची पडताळणी राहिली आहे का, हे विचारा. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची आहे, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांच्या आत. या अटीवर मी स्वतःच्या हातानं अर्ज परत केलेत, ते अजून टोचतं. ज्यांना मिळतंय त्यांचं तरी अडू नये.

सांगलीची मावशी:
काकांनी सांगितलंय ते आधी करा. शिवाय आत्या सत्तरीच्या पुढे आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही, योजनेतल्या दवाखान्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढलेलं बरं. आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनच्या मागे कागदावर लिहून चिकटवा. माझ्या सासूबाईंच्या फोनला मी तसाच चिकटवलाय.

कोयनाकाठ:
काका, सापडले! गेल्या वर्षी गावातल्या मेळाव्यात तिचं एक खातं उघडलं होतं, सगळे ६००० तिथेच पडून होते. ती ते खातं विसरूनही गेली होती. शनिवारी जाऊन आलो. तिचा अंगठा काही उमटेना, साठ वर्षं भांगलण केलेले हात. तिथल्या मुलीनं ओल्या रुमालानं हात पुसले, एकेक बोट लावून पाहिलं, मधल्या बोटावर मशीननं घेतलं. मग जुन्या बँकेत आधार परत जोडायचा फॉर्म भरला, पोच घेतली. कार्डाचं पुढच्या खेपेला.

येताना आत्या शेजारच्या काकूंना सोबत घेऊनच बसली. त्यांचेही बंद आहेत, पण त्यांच्या आधारला मोबाइलच जोडलेला नाही. त्यांचं कसं बघू?

जुना अव्वल कारकून:
त्यांना आधार केंद्रावर न्या, आधी मोबाइल जोडून घ्या. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, त्या स्वतः हव्यात. सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग वाढते. आणि बसायला काहीतरी सोबत घ्या.