घरात तीन भाषा आणि मुलाचे शब्द थांबलेले : तपासणीची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (पूर्व भाग, सोलापूर)

माझा मुलगा तीन वर्षे चार महिन्यांचा आहे. आम्ही घरी तेलुगू बोलतो, शेजारी आणि अंगणवाडीत मराठी असते, आणि हिंदी गाणी त्याच्या कानावर सतत पडतात. दीड वर्षाचा असताना तो पाच-सहा शब्द बोलत असे. ते हळूहळू गेले. आता पाणी हवे असले तर तो ‘नीळ्ळू’ म्हणत नाही, आजींचा हात धरून त्यांना माठापर्यंत नेतो. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण शेजारचे यंत्रमाग सुरू झाले की दोन्ही कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसतो. सासूबाई म्हणतात की त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले. एका डॉक्टरांनी तीन भाषांमुळे गोंधळ झाला असेल, घरात फक्त मराठी बोला, असे सांगितले. आजींना मराठी नीट येत नाही, त्यामुळे तेव्हापासून त्या नातवाशी जवळजवळ बोलतच नाहीत, आणि ते पाहून माझा जीव तुटतो. ही स्वमग्नता (ऑटिझम) असू शकेल का?

उत्तर १ (जुळे सोलापूर)

ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिचे निदान साडेतीनव्या वर्षी झाले. तुमच्या मुलाला स्वमग्नता आहे की नाही हे येथे कोणी सांगू नये. परंतु आलेले शब्द जाणे हे वाट पाहत बसण्याजोगे लक्षण नाही. आधी श्रवणचाचणी, शक्यतो बेरा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी चाचणी), करून घ्या, कारण मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलालाही काही आवाज कमी ऐकू येत असू शकतात. त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवा. स्वमग्नता रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला इतिहास यांवरच निदान ठरते. म्हणून माठाकडे नेण्याचा प्रसंग मोबाइलवर टिपून ठेवा, कारण दवाखान्याच्या पंधरा मिनिटांत मूल तसे वागेलच असे नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही दाखवा.

निदान झाल्यास दिव्यांग प्रमाणपत्राला उशीर करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात आणि तिच्यात ७० पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात. मुलीवर शिक्का बसेल या भीतीने आम्ही दोन वर्षे अर्जच केला नाही, आणि थेरपीचा सारा खर्च स्वतः सोसला. निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

उत्तर २ (वाचा-उपचारतज्ज्ञ)

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्नता होत नाही, आणि स्वमग्न मुलांना दोन भाषांत वाढवल्याने त्यांचे बोलणे आणखी मागे पडते असेही अभ्यासांत आढळलेले नाही. घरातील सर्वांत प्रेमळ व्यक्ती गप्प होणे हे मात्र निश्चितच नुकसान आहे. आजींना तेलुगूतच बोलू द्या. तो माठाकडे नेईल तेव्हा त्यांनी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, ‘नीळ्ळू’ म्हणावे, चार-पाच सेकंद थांबावे आणि पाणी द्यावे. शब्द येईपर्यंत पाणी रोखून धरू नये. हात धरून नेणे हेही त्याचे सांगणेच आहे. त्याला प्रतिसाद मिळाला की पुढे चित्र दाखवणे, खूण करणे, शब्द उच्चारणे यांकडे जाता येते. थेरपी सुरू करण्यासाठी निदानाचा कागद हाती येण्याची गरज नसते.

उत्तर ३ (स्वतः स्वमग्न, वय ३४)

माझे निदान एकोणतिसाव्या वर्षी पुण्यात झाले. लहानपणी सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम सुरू झाले की मी किंचाळत असे आणि घरचे माझे हात कानांवरून ओढून काढत, कारण सवय व्हावी अशी त्यांची इच्छा होती. सवय झाली नाही. फक्त माझा त्यांच्यावरचा भरवसा कमी झाला. कृपया मुलाचे हात ओढू नका. माग सुरू होण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी त्याला आतल्या खोलीत न्या, आणि आवाज कमी करणारे कानावरचे कव्हर त्याला आवडते का ते पाहा.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. बेराची तारीख मंगळवारची मिळाली आहे. उत्तर दोन मी आजींना तेलुगूत वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्याच्याजवळ बसून बराच वेळ बोलत होत्या. त्याने वळून पाहिले नाही, मात्र तो उठूनही गेला नाही. चाचणीच्या वेळी मूल झोपलेले असावे लागते असे केंद्रावर सांगितले; त्याला आदल्या रात्री उशिरा झोपवून न्यावे का?

उत्तर १ (जुळे सोलापूर)

होय, आम्ही तसेच केले होते. पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, आणि त्याची नेहमीची चादर बरोबर न्या.