मदत हवी आहे: ११ वर्षांच्या लॅब्रेडॉरचं गुडघ्याचं लिगामेंट, ऑपरेशन शक्य नाही (नागपूर)

राणीची_आई:
राणी, लॅब्रेडॉर, वय ११, वजन ३४ किलो. दोन आठवड्यांपासून मागच्या उजव्या पायाने लंगडून राहिली. पुढचं क्रुसिएट लिगामेंट (गुडघ्याची हाडं जागेवर धरणारा पट्टा) अर्धवट फाटलं आहे असं निदान झालं. हृदयाचा त्रास असल्याने भूल द्यायची नाही असं ठरलं. मेलॉक्सिकॅम (दुखणं-सूज कमी करणारी गोळी) सुरू आहे. गोळीनंतर बरीच चांगली चालते, तर फिरणं वाढवायचं का? घरभर गुळगुळीत टाइल्स आहेत.

सेमिनरी_हिल्स:
ताई, आत्ता फिरणं अजिबात वाढवू नका. गोळीने दुखणं थांबतं, लिगामेंट जुळत नाही. दुखत नाही म्हणून ती पळेल, सोफ्यावर उडी मारेल आणि अर्धं फाटलेलं पूर्ण फाटेल. ऑपरेशनशिवाय गुडघा सावरतो तो सांध्याभोवती जाड, घट्ट आवरण तयार होऊन. त्याला ८ ते १२ आठवडे लागतात.

पहिले दोन आठवडे फक्त शी-शूसाठी बाहेर न्या, दिवसातून तीन-चारदा, प्रत्येकी ५ मिनिटं, आखूड पट्ट्यावर. पुढे दर आठवड्याला एका फेरीमागे २-३ मिनिटं वाढवा, तेही आदल्या आठवड्यात लंगडणं वाढलं नसेल तरच. चाल इतकी हळू हवी की चारही पाय एकेक करून टेकलेले दिसले पाहिजेत. वेग वाढला की कुत्रं दुखरा पाय उचलून तीन पायांवर उड्या घेत जातं आणि मांडीचा स्नायू वाळतो. दर रविवारी दोन्ही मांड्यांचा घेर एकाच जागी टेपने मोजून लिहून ठेवा.

मे महिन्यात सकाळी साडेपाचलाच निघा. आपल्या सिमेंट रोडवर संध्याकाळीही हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजे भाजतात आणि चालही बिघडते.

टाइल्सवर तिच्या वाटेपुरत्या रबरी चटया किंवा योगा मॅट टाका. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग. कूलरपुढची ओली फरशी विसरू नका, सगळ्यात जास्त पाय तिथेच घसरतो. नखं कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले केस बारीक करा.

काटोल_रोड:
वरचं सगळं बरोबर, पण वजनाबद्दल कोणी बोललं नाही. ३४ किलो जास्तच वाटतं. २८ चं लक्ष्य धरलं तर दिवसाला साधारण ८५० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी दीडशेच्या आसपास जाते; दोन पोळ्यांत एक तृतीयांश कोटा संपला! आठवड्याला ३५० ते ६५० ग्रॅम उतरलं तर योग्य. त्याहून वेगात नको. बिस्किटांऐवजी उकडलेली दुधी किंवा गाजर द्या.

गोळीचं सांगतो. मेलॉक्सिकॅमचा पहिल्या दिवसाचा डोस ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, नंतर ०.१, दिवसातून एकदाच आणि खाण्यासोबत. हृदयासाठी फुरोसेमाइड (लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी गोळी) सुरू असेल तर किडनीवर दुहेरी ताण येतो. रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवा. स्टेरॉइड सोबत कधीच नाही. काळी शी, उलटी किंवा जेवण सोडलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅक, चुकूनही देऊ नका, पोटात अल्सर होऊन कुत्रं दगावू शकतं.

राणीची_आई:
फुरोसेमाइड सुरू आहे, उद्याच विचारते. गुडघ्याला आधाराला बांधायचा तयार ब्रेस घेऊ का? आणि पायऱ्यांचं काय करायचं?

सेमिनरी_हिल्स:
तयार ब्रेस टाळा. कुत्र्याची मांडी वर जाड, खाली बारीक; पट्टा घसरून गुडघ्याखाली जमा होतो आणि उन्हाळ्यात कातडी सोलते. पायऱ्यांसाठी जुना आंघोळीचा टॉवेल पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढून घाला आणि मागचा भार तुम्ही उचला.

सहाव्या आठवड्यापासून बस-ऊठचा व्यायाम: पाच वेळा, दिवसातून दोनदा. बसताना पाय बाजूला पसरत असेल तर अजून वेळ आहे. सेमिनरी हिल्सचा चढ त्यानंतरच.

मधेच बरी होत असताना अचानक पाय टेकणं बंद झालं, किंवा चालताना गुडघ्यातून 'टक' असा आवाज आला, तर मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला असण्याची शक्यता असते. वाट न पाहता पुन्हा दाखवा. डावा गुडघाही दर महिन्याला तपासून घ्या; एक गेला की भार दुसऱ्यावर येतो आणि तोही फाटण्याचं प्रमाण बरंच असतं.